परमिट होतं का?

डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहून टाकतो. दक्षिण लंडनमधल्या कॅटफर्डला गेलो होतो, स्पोर्ट्सबँक स्ट्रीटवर. कॅटफर्ड सायकलिंग क्लबचा ट्रॅक तिथे १८९५ साली सुरू झाला आणि काही वर्षांतच उखडून त्यावर घरं बांधली. सायकल एका बुटक्या भिंतीला टेकवली, फोन काढला, तेवढ्यात सपाता घातलेले एक आजोबा तरातरा बाहेर आले.

"काउन्सिलकडून आलात?"

नाही म्हटलं.

"सायकल लेन आखताय. आमचं पार्किंग जाणार."

म्हटलं आजोबा, लेन कसली, इथे अख्खा ट्रॅक होता! जून १८९६ मध्ये सिम्पसन नावाच्या गृहस्थाने पैज मारली, एकास दहा, की त्याची त्रिकोणी कड्यांची लिव्हर चेन साध्या चेनपेक्षा भारी. त्यासाठी इथेच शर्यती लावल्या, बघायला बारा हजारांच्या वर पब्लिक.

आजोबा एकदम गंभीर. "बारा हजार? आणि गाड्या कुठे लावल्या?"

"तेव्हा गाड्या नव्हत्या हो."

"पण परमिट होतं का त्यांच्याकडे?"

आता काय बोलणार. म्हटलं शनिवार होता, ट्रेनने आले असतील. त्यावर त्यांनी मान डोलावली, मला वाटलं पटलं, तर म्हणतात कसे, "शनिवारी ट्रेनचा काही भरवसा नाही."

खरी गंमत सांगायची राहूनच गेली. तीनातल्या दोन शर्यती सिम्पसनच्या माणसांनी मारल्या, पण चेनचा त्यात काय संबंध, पॅरिसहून आणलेले तगडे पेसर पुढे राहून त्यांच्यासाठी वारा कापत होते! त्या चेनचं पोस्टर तर खुद्द तुलूज-लॉत्रेक या नामांकित फ्रेंच चित्रकाराने काढलंय. इतकं सगळं ज्या मातीवर घडलं तिथे मला साधी पाटीसुद्धा दिसली नाही. लंडनमधल्याच हर्न हिलचा १८९१ चा ट्रॅक वाचला, १९४८ च्या ऑलिंपिकच्या शर्यती तिथे झाल्या, त्याचं कौतुक आहेच. पण पॅडिंग्टनचा १८८८ चा ट्रॅकही १९८७ मध्ये गेलाच ना. सायकलवाल्याची जागा कुणीही उचलावी, वर त्यालाच झापावं, हे इकडे काय नि आमच्या पुण्यात काय, सारखंच.

"सायकल काढा आधी, भिंतीचा रंग जाईल," आजोबा.

शेजारीच एक व्हॅन दोन चाकं फुटपाथवर चढवून उभी होती. लंडनमध्ये त्याला बंदी आहे, तिचं काय, म्हणून विचारलं.

"ती मुलाची आहे."