स्वस्त वीज तारेतूनच यावी लागते

आज दुपारी ऐरोलीत वीस मिनिटं लाइट गेली. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर दादांचा मेसेज: "दुपारी एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज मातीमोल भावाने मिळते, मग इथली महाग वीजकेंद्रं कशाला पोसायची? सगळी बाहेरून घ्या." खाली पंधरा अंगठे. डोकंच फिरलं माझं.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. सासरे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. लाइट गेली आणि मशीन एकसुरी ओरडायला लागलं. सिलिंडरची किल्ली सापडेना, बाबांची नखं निळी पडायला लागलेली.

त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता हो! बाहेरची वीज मुंबईकडे आणणाऱ्या कळवा-पडघा तारांचं एक सर्किट देखभालीसाठी बंद, भार दुसऱ्यावर, तेही ट्रिप झालं. मुंबई, ठाणे, नवी मुंबई बंद, लोकल जागच्या जागी. ग्रिडपासून तुटून स्थानिक केंद्रांवर मुंबई चालावी म्हणून आयलंडिंगची सोय १९८१ पासून आहे. ऐन वेळी तीही टिकली नाही.

एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून बोली लागते. देशाच्या दोन विभागांमधल्या तारा भरल्या की बाजार दुभंगतो, अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा. दक्षिणेने हे वर्षानुवर्षं भोगलं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेला उरलेल्या देशाच्या ग्रिडशी जोडणारी सोलापूर-रायचूर लाइन जोडली, तरी कोंडी लगेच सुटली नाही. निदान तिथे ती भावात दिसत तरी होती! पडघ्याकडून कळव्याला येणाऱ्या तारा किती भरल्यात, हे आपल्या भावात उमटतच नाही. मग कोणीही उठून म्हणतं, बाहेरून घ्या.

जवळची केंद्रं महाग पडतात, कोळशाची असतील तर धूरही सोडतात. मान्य. २०२३ मध्ये मुंबईत बाहेरची वीज आणणारी खारघर-विक्रोळी लाइन आली, तेही चांगलंच झालं. पण अडीअडचणीला तयार उभं राहणाऱ्या केंद्राला त्या तयारीचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि ते आपल्या बिलात आले तर मी कुरकुर न करता भरीन. बाबांच्या मशीनचं ते ओरडणं ज्याने ऐकलंय त्याला युनिटमागचे चार पैसे मोठे वाटत नाहीत.

आणि दादा, तुमच्यावरच चिडले मी, तर हेही लिहिते. त्या दिवशी लिफ्ट बंद असताना दुसरा सिलिंडर खांद्यावर घेऊन सात मजले तुम्हीच चढला होतात. किल्लीही तुम्हीच शोधलीत, औषधांच्या डब्यात. संध्याकाळी चहाला या. त्या पंधरा जणांनाही आणा, कागदावर तारा काढून दाखवते.