पिंकी फ्रीजरमध्ये आहे

आई डॅलसला आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने नातवाला फोनवर बोलताना ऐकलं : "हो, पिंकी आहेत ना फ्रीजरमध्ये. वीसेक तरी असतील." दुपारभर ती कुणाशी बोलली नाही. पिंकी म्हणजे अंगावर लवसुद्धा न आलेलं, गोठवलेलं उंदराचं पिल्लू, हे मी रात्री समजावलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पण लगेच तिने विचारलं, "म्हणजे खवलेल्या नारळाच्या शेजारी उंदीर?" दुसऱ्या दिवशी गराजमध्ये वेगळा फ्रीजर आला.

अर्णवकडे केशर नावाची कॉर्न स्नेक आहे. भगवी, चार फुटी, बिनविषारी, आमच्या घरात सगळ्यांत शांत स्वभावाची. चौदावं लागल्यावर चिरंजिवांना वाटू लागलं की आता पिल्लं काढावीत. एक मित्र केशरसाठी नर द्यायला तयार होता. दुसरा गाव सोडून चालला होता, तो केनियन सँड बोआची जोडी फुकट देत होता. कॉर्न स्नेक अंडी घालते, सँड बोआ थेट पिल्लं देते. तर काय करायचं? तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

आई मूळची बत्तीस शिराळ्याची, त्यामुळे या खात्यात तिला मताधिकार आपोआप मिळाला. "अंडज आणि जारज," ती म्हणाली, "नाग, धामण, मण्यार अंडी घालतात. घोणस पिल्लंच टाकते, एका वेळेला तीस-चाळीस. आमच्या उसात बघितलीत." तिचं मत जारजाच्या बाजूने होतं, कारण आईच्या पोटाइतकी सुरक्षित जागा नाही. मी घाईघाईने सांगितलं की सँड बोआ म्हणजे आपल्या मांडुळाचाच आफ्रिकेतला भाऊबंद. तिने हातातला घास खाली ठेवला. "मांडूळ? अरे, पोलीस धरून नेतील!" मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या तिने इतक्या वाचल्यात की टेक्सासचे पोलीसही त्याच कामावर असणार अशी तिची खात्री होती.

बायकोचा विरोध वेगळा. "अंडी निदान मोजता येतात. ते सँड बोआ दिवसभर वाळूत पुरलेले, वर फक्त दोन डोळे. ती गरोदर आहे की नुसती फुगलीय हे ओळखायचं कसं? मादी खायचं सोडणार, दिव्याखाली पडून राहणार, आणि दिवाळीपर्यंत आपण तिच्या पोटाकडे बघत बसणार. एक बाळंतपण केलंय मी, तेवढं पुरे."

अंडी ठरली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात केशरने कात टाकली, ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरली आणि दोन दिवसांनी सोळा अंडी घातली. पांढरी, लांबट, हाताला चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. अर्णवने प्रत्येकावर पेन्सिलने टिंब काढलं : ही बाजू कायम वर. आईने आयुष्यभर कोंबड्या बसवल्या. "कोंबडी दिवसातून कितीदा अंडी उलटते, तुम्ही का नाही?" कारण सापाच्या अंड्यात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटलं तर मरू शकतो. हे तिला पटलं, पण रात्री पाण्याला उठली की ती त्या थर्माकोलच्या पेटीपाशी हटकून उभी दिसायची. तिच्यामागे मी उभा असायचो, तिच्यावर नजर ठेवायला.

पेटीत ८२ फॅरनहाइट हवं. आईला फॅरनहाइट कळतं ते फक्त तापाचं. "८२? म्हणजे गेलेलंच की!"

दोन अंडी पिवळी पडून बुरसली. आणि जूनअखेर एका रात्री असं वादळ झालं की चार तास वीज नाही. मी टॉर्च शोधत होतो तेवढ्यात आईने शिराळ्याहून आणलेली गोधडी पेटीवर पांघरली. मला वाटलं, आता मुलगा ओरडणार. तो म्हणाला, "थोडी थंडी चालते, उष्णता वाढली तर मरतात. पण राहू दे." रात्री दीड वाजता अमेरिकेतल्या एका गराजमध्ये मी चौदा अंड्यांना पातळाची गोधडी नीट खोचून देत होतो. कंपनीत मला सीनियर आर्किटेक्ट म्हणतात.

ऑगस्टमध्ये अंड्यांना खळ्या पडल्या. त्रेसष्टाव्या दिवशी दोघांनी नाकाडावरच्या इवल्या दाताने कवच चिरून नाक बाहेर काढलं आणि तसेच बसून राहिले. तासभर झाला, दोन तास झाले. अर्णवने छोटी कात्री आणली. काही लोक उरलेली अंडी कापून वाट मोकळी करतात म्हणे. आई आडवी आली. "आज नागपंचमी आहे. आज मी घरात कांदा चिरला नाही, आणि तू अंडी चिरणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

कात्री परत गेली, आणि बरंच झालं. नाक बाहेर काढून पिल्लू आळशासारखं बसतं तेव्हा ते आतला उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. घाई केली तर तो राहून जातो. पुढच्या दोन दिवसांत चौदाच्या चौदा स्वतःहून बाहेर आली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, आणि मला बघून शेपट्या थरथरवू लागली. त्यांना वाटत होतं, मी घाबरेन. बरोबरच वाटत होतं.

पहिली कात आठवड्याने. त्यानंतर जेवण. तेरा जणांनी पिंकी गिळल्या. एक मात्र तोंड फिरवून बसे. आम्ही अंधार केला, पिंकी कोमट केली, अंगणातला हिरवा सरडा पकडून त्याच्या अंगावर पिंकी घासली, म्हणजे वास सरड्याचा. काही नाही. सतराव्या दिवशी आईने अर्णवच्या हातून चिमटा घेतला, खुर्ची ओढली आणि हलक्या आवाजात सुरू केलं : "हा घास चिऊचा... हा घास काऊचा..."

सापाला ऐकू काय येतं हा वाद अर्णवने काढला नाही. पिल्लाने मान वळवली, चिमट्याच्या टोकाशी जीभ लपलप केली आणि एकदम झडप घातली.

सप्टेंबरात आई परत गेली. त्या पिल्लाचं नाव तिने पिंकी ठेवलं आहे. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. माझी तब्येत, सुनेची तब्येत, पाऊस हे सगळं नंतर. मागे शेजारणी बसलेल्या असतात, त्यांच्यासमोर ती मोठ्याने विचारते, "पिंकीने पिंकी खाल्ली का?"