दोन नंबरची जर्सी

"बाऊल गेम म्हणजे काय रे? वाटीचा खेळ?" बाबांनी नागपूरहून फोनवर विचारलं होतं. मी समजावलं, की हा अमेरिकन फुटबॉलचा सामना, हातात चेंडू घेऊन पळायचा तो खेळ. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचं स्टेडियम वाडग्यासारखं, म्हणून तिथला तो रोझ बाऊल. मग हंगामाअखेरच्या अशा सगळ्याच सामन्यांना ते नाव चिकटलं. मायामीकडे ऑरेंज बाऊलही असतो म्हटल्यावर मात्र बाबा खुलले. संत्र्याच्या नावाचा खेळ अगदीच वाया गेलेला नसणार, असं त्यांचं मत पडलं.

मी राहतो कोलंबसला, ओहायोत. इथे कॉलेज फुटबॉल हा खेळ कमी आणि कुळाचार जास्त. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियमात लाखाच्या वर माणूस बसतो आणि शनिवारी सामना असला की वाणसामान आणायलासुद्धा वेळ बघून निघावं लागतं. हंगाम संपला की डिसेंबर-जानेवारीत हे बाऊल सामने. त्यातल्या बहुतेकांत अजिंक्यपदाच्या फेरीत जागा न मिळालेल्या संघांना निरोपाचा एक मोठा सामना मिळतो. कप मिळतो, पण अजिंक्यपद नाही.

1 जानेवारी 2022 ची संध्याकाळ मी शेजारच्या आजोबांकडे घालवली. टेबलावर 'बकाय' होते. पीनट बटरचे लाडू, चॉकलेटात बुडवलेले, डोक्यावर एक गोल कोरा ठेवलेला. आमच्या आईच्या दाण्याच्या लाडवाला विलायती टोपडं घातलं तर असंच दिसेल. समोर रोझ बाऊल, ओहायो स्टेट विरुद्ध युटा. आणि आजोबा संतापलेले. कारण ख्रिस ओलावे आणि गॅरेट विल्सन, संघाचे दोन हुकमी रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलून पळणारे, खेळणारच नव्हते. एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट. तिथे क्लब कॉलेजची पोरं क्रमाने निवडतात, जितका वरचा क्रमांक तितका पैसा जास्त. त्याआधी गुडघाबिडघा जायला नको म्हणून दोघांनी अंग काढून घेतलं होतं. इथे याला 'ऑप्ट-आउट' म्हणतात. आजोबांचा शब्द याहून जहाल होता. आठ-नऊ वर्षांचा नातू ओलावेची 2 नंबरची जर्सी घालून आला, तर आजोबांनी त्याला ती काढून ठेवायला लावली. पोरगं बनियनवर बसलं.

पहिल्या अर्धात युटा 35-21 असा पुढे. आजोबा टीव्हीशी बोलायचे बंद झाले, हे वाईट लक्षण. पण त्याच गोंधळात जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा नावाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा सुटला होता. त्या रात्री त्याने 15 झेल घेतले, 347 यार्ड, तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं). क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सी. जे. स्ट्राउडने 573 यार्ड फेकले, सहा टचडाउन. ओलावे-विल्सनच्या रिकाम्या जागी आलेला मार्विन हॅरिसन ज्युनियर तीन टचडाउन करून गेला. युटाकडून जखमी क्वार्टरबॅकच्या जागी उतरलेल्या ब्रायसन बार्न्सने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली, आणि नऊ सेकंद उरले असताना ओहायो स्टेटने फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून तीन गुण. 48-45. आजोबांनी मला मिठी मारली. जर्सी सोफ्यामागे पडलेली होती, तिची आठवण आता कोणालाच नव्हती.

त्याच रात्री शुगर बाऊलमध्ये ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, क्वार्टरबॅक मॅट कोरल घोटा दुखावून मैदानाबाहेर गेला. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड होईल असं भाकीत ज्याच्याबद्दल अनेकांनी केलं होतं, तो शेवटी तिसऱ्या फेरीत, 94व्या क्रमांकावर गेला. घोटा हे एकमेव कारण नसेलही. पण ओलावे 11वा आणि विल्सन 10वा गेला, हे दोन्ही शेजारी ठेवून बघावं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये. रणजीपेक्षा आयपीएलची तयारी प्यारी, असा ठपका ठेवत लोक श्रेयस अय्यर आणि ईशान किशनवर तुटून पडले होते, आणि बोर्डाने दोघांना करारातून वगळलं. बाबा खुश. "काऊन रे, पैसा पाहिजे अन् राज्यासाठी खेळायचं नाही? निष्ठा नावाची काही गोष्ट?" पुढच्याच महिन्यात वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात अय्यरने आमच्या विदर्भाविरुद्ध 95 केले आणि मुंबई 42व्यांदा जिंकली. तेव्हा बाबांचा सूर जरा बदलला. आता तो खेळला नसता तर बरं झालं असतं!

माझं म्हणणं बाबांना पटत नाही, आजोबांना तर नाहीच. निष्ठा हा शब्द मला इथे खोटा वाटतो. बोर्डाचा करार आहे, पैसे मिळतात, आधी ताकीद दिली होती. तेव्हा रणजी खेळ म्हणायचा त्यांना हक्क आहे. पण तो मालकाचा हक्क झाला, निष्ठेचा त्यात काय संबंध? ओलावेला तर विद्यापीठ पगारही देत नव्हतं. 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं होतं, तेवढंच. वर तो आदल्या वर्षीच ड्राफ्टला जाऊ शकत असताना आणखी एक हंगाम थांबला होता. त्याच मोसमात नोट्रे डेम विद्यापीठाचा प्रशिक्षक ब्रायन केली संघाचा बाऊल सामना बाकी असताना एलएसयूकडे, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे, निघून गेला, दहा वर्षांच्या, 9.5 कोटी डॉलरच्या करारावर. प्रशिक्षकाने जहाज सोडलं तर ती 'संधी'. 1 जुलै 2025 पासून मात्र विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी दर विद्यापीठामागे मर्यादा साधारण 2.05 कोटी डॉलर. आता करारात बाऊलची अट घाला, मी आजोबांच्या बाजूने बोलेन.

आणि स्मिथ-एन्जिग्बा? पुढच्या हंगामात मांडीचा स्नायू दुखावला, तीनच सामने खेळला, उपांत्य सामनाही हुकला. मग त्याच्याही नावाने तेच सुरू झालं, स्वतःची कातडी वाचवतोय म्हणून. आजोबांच्या तोंडून मी ते ऐकलंय. बकाय खाता खाता.

प्रेक्षकांचं प्रेम रणजीवर की नावावर, हे दिल्लीत जानेवारी 2025 मध्ये दिसलंच. कोहली रणजी खेळणार म्हणून हजारोंची रांग. हिमांशू सांगवानने त्याला 6 वर त्रिफळाचीत केलं आणि स्टेडियम ओसरलं.

महिन्याभराने विदर्भ रणजीच्या अंतिम फेरीत, केरळविरुद्ध, नागपूरच्या जामठा स्टेडियमवरच. मी उत्साहाने फोन केला. बाबा, उद्या जाताय ना? घरून तासाभराचं अंतर, गाडी दारात.

"अरे जामठा लांब पडते. अन् ऊन किती! मोबाईलवर दिसते ना सगळं."

विदर्भ जिंकला, तिसऱ्यांदा. बाबांनी मला पेढ्यांच्या डब्याचा फोटो पाठवला.