विजेची गाडी आणि कोळशाचा हिशेब

रविवारी आमच्या चेंबूरच्या सोसायटीची सभा आहे. पार्किंगमध्ये चार चार्जिंग पॉइंट बसवायचे की नाही, ते ठरायचंय. नेमका त्याच आठवड्यात ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की वीज कोळशातून येते, म्हणून ईव्ही पेट्रोल गाडीइतकीच घाण करते. मुंबईच्या पावसात ती शॉक देते. सगळ्यांनी घेतल्या तर शहराची बत्ती गुल होईल. आणि बॅटरी पाच वर्षांत भंगारात जाते. तो टाकणारे काका मला वडिलांसारखे आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

कोळशाचा मुद्दा वजनदार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावरच तयार होते. पण म्हणून दोन्ही गाड्या सारख्या ठरत नाहीत. माझ्या पार्किंगमधल्या सबमीटरवर परवा रात्रीत १३ युनिट पडले. तेवढ्यावर माझी छोटी ईव्ही ८० किलोमीटर जाते. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाटेत तारांमध्ये होणारी विजेची गळती धरली तरी किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. माझी जुनी पेट्रोल गाडी सायनच्या गर्दीत लिटरला १२ द्यायची, आणि लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला १९० ग्रॅम. सिग्नलला इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल पितं. ईव्हीची मोटर तेव्हा थांबलेली असते, आणि ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत येते.

बॅटरी बनवतानाचं प्रदूषणही धरू. आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून ती मोडीत निघेपर्यंतचा हिशेब मांडला. भारतात, कोळशाच्या विजेसकट, ईव्हीचं उत्सर्जन १९ ते ३४ टक्के कमी निघालं. युरोपात तोच फरक ६६ ते ६९ टक्के. आपला फरक कमी आहे, मान्य. पण सौर आणि पवन वीज वाढेल तशी आज घेतलेली ईव्हीच अधिक स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडीचं तसं होत नाही.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. फॉरवर्डमध्ये विजेचा धूर थेट वीज केंद्रापासून मोजलाय आणि पेट्रोलचा मात्र फक्त सायलेन्सरपासून. आपण माहुलच्या शेजारी राहतो! तिथल्या रिफायनऱ्या रोज डोळ्यांसमोर आहेत. तिथे पुनर्वसन झालेल्या कुटुंबांनी त्या हवेविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, थेट उच्च न्यायालयापर्यंत. ट्रॉम्बेचं औष्णिक वीज केंद्रही त्याच भागात आहे, हे मी लपवत नाही. पण ती एक उंच चिमणी आहे, तिच्यावर यंत्रणा बसवता येते, नियम लावता येतो. रस्त्यावरचे हजारो सायलेन्सर मात्र शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोराच्या नाकाच्या उंचीवर धूर सोडतात.

पावसाचं म्हणाल तर बॅटरीचा डबा पूर्ण सीलबंद असतो आणि विजेची गळती जाणवली की गाडी स्वतःच वीज तोडते. हिंदमाताला कमरेएवढं पाणी असताना कुठलीच गाडी घालू नये. पेट्रोल इंजिनात पाणी शिरलं तर तेही बसतंच. बत्ती गुल होण्याचं म्हणाल तर रोजच्या ३० किलोमीटरला पाचेक युनिट लागतात, म्हणजे दीड टनाचा एसी चारेक तास चालवण्याएवढे. तेही बहुतेक रात्री, जेव्हा मागणी उतरलेली असते. बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात.

अडचणी आहेत, पण त्या फॉरवर्डमध्ये नाहीत. आपल्या इमारतीचं वायरिंग जुनं आहे. नवा लोड मंजूर करून घ्यावा लागेल. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी खर्चात वाटा का द्यावा, हा प्रश्नही रास्त आहे. काका, रविवारी हे विचारा. त्याआधी शनिवारी रात्री खाली या, मीटरचा आकडा आपण दोघं मिळून लिहून घेऊ.