हंगामी माणसाचे तास

फिनलंडमधल्या एका पर्यटक कॅम्पात ही नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा आण्णांनी एकच प्रश्न विचारला, "किती महिन्यांची?" म्हटलं, हंगामी आहे, नोव्हेंबर ते एप्रिल. पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हंजी कोयत्याचेच महिने की."

पाटोदा तालुक्यातल्या माणसाला 'हंगामी' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझे आजी-आजोबा ऊसतोडीला जायला लागले ते पुढं सतरा वर्षं जात राहिले. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा, कारखान्याच्या शिवारात पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, घालायची, आणि गावी परतायचं तेव्हा पाडवा उलटून गेलेला असायचा. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या आजीजवळ ठेवलं होतं. ते शिकले, प्राथमिक शिक्षक झाले, आणि घरातला हंगाम संपला. मी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग फिनलंडमधल्या रोवानिएमीला येऊन पर्यटन शिकले, आणि एवढं सगळं करून पुन्हा हंगामीच. त्यांचं गप्प होणं मला समजलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी 'आर्क्टिक', 'काचेच्या छताच्या खोल्या' वगैरे सांगत बसले, त्याचा उपयोग झाला नाही.

आमचा कॅम्प फिनलंडच्या उत्तर टोकाकडे, इनारीच्या जंगलात आहे. इवालो हा देशातला सर्वांत उत्तरेचा विमानतळ, तिथून गाडीनं तासभर. इनारी ही एकच नगरपालिका आमच्या बीड जिल्ह्याच्या दीडपट पसरलेली आहे आणि तिच्यात माणसं सात हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळतो तो जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास पुन्हा दिसतो. याला इथं कामोस म्हणतात. अगदी मिट्ट अंधार नसतो, दुपारी दोन-तीन तास बर्फावर निळसर उजेड पडतो. पाहुण्यांना तो फार सुंदर वाटतो. मलाही पहिले दहा दिवस वाटला.

कामाचं म्हणाल तर हॉटेलातलंच, फक्त उणे तीसमध्ये. चौदा खोल्या, आम्ही नऊ जण. सकाळचा नाश्ता, खोल्यांची सफाई, पाहुण्यांचे जाड सूट आणि बूट वाळत घालणं, लाकडं वाहणं, दुपारी चार वाजता सौना, म्हणजे अंग शेकायची लाकडी खोली, तापवणं. हे शेवटचं काम मी मागून घेतलं. बर्चची साल कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटते आणि तिच्यात तेल असल्यानं ओली असली तरी भुरभुर पेटते. ती खाली, वर बारीक ढलप्या, मग जाड फोडी, आणि भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवायचं. माझ्याबरोबरची फिनिश मुलगी म्हणाली, तुला हे कुठं शिकवलं? मी म्हटलं, आजीनं, पाचटावर. तिला पाचट काय ते समजावता समजावता सौना तापला. हातमोजा काढून दाराच्या लोखंडी कडीला हात लावायचा नाही, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं, ते कातडीनं शिकवलं.

आता तासांचं सांगते, कारण सगळा विषय तोच आहे. फिनलंडमध्ये सरकारनं ठरवलेलं किमान वेतन नाही. हे सांगितलं की आपल्याकडच्या लोकांना आधी धक्का बसतो आणि मग आनंद होतो, "बघा, तिथं सरकार मध्ये पडत नाही!" सरकार पडत नाही, कारण दर कामगार संघटना आणि मालकांची संघटना बसून ठरवतात, आणि तो करार त्या धंद्यातल्या जवळपास सगळ्यांना लागू होतो, संघटनेचे सभासद नसणाऱ्यांनासुद्धा. आमच्या क्षेत्रात ही संघटना म्हणजे पाम. माझ्या करारात तीन आठवड्यांना ११२ तास ३० मिनिटं लिहिलेली आहेत. संध्याकाळी सहानंतर दर वाढतो, मध्यरात्रीनंतर आणखी वाढतो, रविवारी दुप्पट. हे रविवारचं थेट कायद्यातच आहे. पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी भिंतीवर लागतो.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं की दोन पक्ष पडतात. एका काकांच्या मते असल्या लाडांमुळेच युरोप मागं पडला. दुसऱ्यांच्या मते असल्या शिस्तीमुळेच पुढं गेला. नारायण मूर्तींनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आठवड्याला सत्तर तासांचं काढलं तेव्हापासून हा वाद आमच्याकडे सणासुदीला फराळासारखा असतो. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो नव्वदवर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नवाचा बारा तासांपर्यंत आणि दुकानं-आस्थापनांमधला नवाचा दहापर्यंत न्यायला मंजुरी दिली. सरकारचं म्हणणं, कामगाराची संमती घेऊ, जादा तासाचे जादा पैसे मिळतील. काकांचं म्हणणं, मग अडचण काय?

माझी अडचण वेगळीच आहे. सत्तर म्हणा, नव्वद म्हणा, हा आकडा ज्याला लागू होतो त्याचे तास कुठंतरी मोजले जात असतात. हजेरीयंत्र असतं, लॅपटॉप असतो, निदान पगाराची चिठ्ठी तरी असते. ग्रुपवर भांडणारे आम्ही सगळे त्यातले. ज्यांचे तास कुणी मोजतच नाही, त्यांना बारा काय आणि नऊ काय. माझा मावसभाऊ पवना धरणाकाठच्या तंबूंवर काम करतो. शुक्रवारी दुपारी जातो, रविवारी संध्याकाळी सुटतो. मध्ये झोपतो तेव्हाही फोन उशाशी, कारण कुणाला तरी पहाटे तीन वाजता कोळसा हवा असतो. त्याचा धंदा आणि माझा धंदा एकच, माणसांना रानात झोपवायचं आणि सकाळी पोहे किंवा लापशी खाऊ घालायची. त्याला विचारलं, किती तास भरले? तर हसला, म्हणाला, "तास कसले, वीकेंड म्हण."

आणि इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचे करार शून्य तासांचे आहेत. म्हणजे काम असेल तर बोलवू, नसेल तर बसून राहा, आणि खोलीचं भाडं मात्र कापलं जाणारच. बर्फ उशिरा पडला, बुकिंगं रद्द झाली, की शून्याचा अर्थ कळतो.

आमच्याही कॅम्पात एक प्रकार झाला. उत्तरेचे दिवे, म्हणजे ऑरोरा, रात्री कधी दिसतील याचा नेम नसतो. पाहुण्यांनी झोपावं आणि आम्ही जागावं अशी सोय होती. रात्री दहा ते एक, दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन आभाळ बघायचं, हिरवं दिसलं की खोल्यांमधली घंटा वाजवायची. पहिल्या महिन्याच्या पगारात या जागरणाचा एक पैसाही नव्हता. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, तुम्ही इथंच तर राहता. अगदी सहज म्हणाला, वाईट माणूस नव्हता. पण हे वाक्य मला मराठीतून पाठ होतं. शिवारातच तर राहता, मग रात्री दोनला गाडी भरायला उठायला काय होतं!

मी एक वही केली. तारीख, किती ते किती, कोणत्या खोलीची घंटा. फिनिश मुलीनं ती बघितली आणि तिनंच संघटनेला फोन लावला. पुढच्या पगारात मागचे सगळे तास आले, रविवारचे दुप्पट. कुणी रागावलं नाही, कुणी माफीही मागितली नाही. भिंतीवरच्या तक्त्यात जागरणाचा एक रकाना वाढला, एवढंच.

मग वाटायला लागलं की या देशात तरी सगळ्यांचे तास मोजले जातात. नाही जात. याच जंगलात उन्हाळ्यात थायलंडमधून हजारो माणसं बेऱ्या, म्हणजे रानातली बारीक फळं, वेचायला येत आली आहेत, बहुतेक ईशान्य थायलंडमधले भातशेतकरी. इथं कुणीही कुणाच्याही जंगलात फिरावं आणि बेऱ्या वेचाव्यात, असा जुना हक्क आहे. मोठी सुंदर गोष्ट आहे ती. पण त्याच हक्काचा आडोसा करून कंपन्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या की ही माणसं आमची कामगार नाहीतच, आपापल्या मर्जीनं वेचतात, आम्ही फक्त किलोवर विकत घेतो. विमानाचं तिकीट कर्ज काढून, राहण्या-जेवणाचे पैसे वेचलेल्यातून वळते, तासांचा हिशेब नाही, कारण कामगारच नाही. प्रकरण मानवी तस्करीच्या खटल्यांपर्यंत गेलं. २०२४च्या हंगामासाठी फिनलंडनं त्यांना अल्प मुदतीचा व्हिसा देणं थांबवलं आणि सांगितलं, यायचं तर नोकरीच्या करारावर या.

हे वाचलं त्या दिवशी मी आण्णांना फोन केला. म्हटलं, थायलंडचे कोयतेवाले सापडले. ते शिक्षक असल्यानं त्यांनी मला लगेच दुरुस्त केलं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. बाकी मात्र ओळीनं जुळत गेलं. तिकिटाचं कर्ज म्हणजे उचल, हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. किलो म्हणजे टन. आणि कारखान्याचा करार टोळी आणणाऱ्या मुकादमाशी, वाहतूकदाराशी. तोडणाऱ्याशी नाही, म्हणून तो कारखान्याचा कामगार नाही. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली गेली. पाळी आली तरी तोडणी चुकवता येत नाही, चुकवली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात, हे तेव्हा शहरातल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनामागे. चांगलंच झालं. पण दिवस कितीचा, हा प्रश्न त्या वाटाघाटीत यायला आधी कुणीतरी त्यांना कामगार म्हणायला हवं. ग्रुपवर एकदा हे लिहिलं, तर काकांनी नमस्काराचं चित्र टाकलं.

फेब्रुवारीत मला ताप आला. तीन दिवस पडून होते. चौथ्या दिवशी आजीशी बोलले. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, फोन कानाला उलटा धरते आणि ओरडून बोलते. तिनं तापाचं विचारलं, काढा सांगितला, आणि मग हलक्या आवाजात, "खाडा किती धरला?"

म्हटलं, "आजी, इथं खाडा नसतो. महिनाभर काम झालं असलं की आजारी पडल्यावर पहिले काही दिवस पुरा पगार देतात. तिन्ही दिवसांचे पैसे मिळणार."

"न काम करता?"

"न काम करता."

तिनं मला परत सांगायला लावलं. मग फोन आण्णांकडे देताना त्यांना म्हणाली, ते मला ऐकू आलं, "मुकादम भला दिसतोय पोरीचा."