पुणे तिथे काय उणे: कौतुक की टोमणा?

गणपती जवळ आले की हा वाद फेसबुकवर पेटतोच. एक जण ठोकून देतो, "पुणे तिथे काय उणे" ही म्हण थेट पेशवाईतली. खाली दुसरा उसळतो, छे हो, बाहेरच्यांनी मारलेला टोमणा आहे तो, पुणेकरांनी कौतुक समजून मिरवला. पुरावा दोघांकडेही नसतो.

पेशवाईचा दावा अगदीच हवेतला नाही. 1730 मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू झालं आणि गावाचं शहर होत गेलं. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी 'रमणा' नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जायची, तिच्यासाठी लांबलांबून शास्त्री-पंडित यायचे. त्या गर्दीत कुणाच्या तरी तोंडून ही ओळ निघाली असेल, हे पटतं. पण नुसतं पटून काय उपयोग?

मला उलटंच वाटतं. घर भरलेलं असताना "आम्हाला काय कमी आहे?" असं कुणी बोलून दाखवत नाही, ओढाताण सुरू झाली की दाखवतात. 1818 ला राज्य गेलं, 1828 ला शनिवारवाडा जळाला. त्या काळात नव्याने उभं राहिलं ते काय, तर पाठशाळा: दक्षिणेच्याच पैशातून 1821 मध्ये इंग्रजांनी विश्रामबागवाड्यात काढलेली, जिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. सत्ता गेलेल्या गावाने छाती काढून विचारावा असाच हा प्रश्न आहे. अर्थात हा माझा अंदाज. कृपया "इतिहासकार म्हणतात" असं वर चिकटवून फॉरवर्ड करू नका.

(नेहरूंच्या नावावर खपणाऱ्या "पूर्वेकडच्या ऑक्सफर्ड"बद्दल परत कधीतरी.)

राहिला अर्थ. मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीच्या फोटोवर लोक हीच ओळ टाकतात, आणि सिंहगड रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याच्या फोटोवरही हीच. एकाच ग्रुपवर. पुष्कळदा एकच माणूस! आणि दोन्ही वेळा ती चपखल बसते. महापालिकेचं अधिकृत ब्रीद आहे "वरं जनहितं ध्येयम्". चांगलं आहे, पण गाडी खड्ड्यात आदळल्यावर ते कुणाच्या तोंडात येणार? त्यात टोमणा मारायची सोयच नाही, म्हणून ते बोधचिन्हावरच राहिलं.

तेव्हा "कौतुक की टोमणा" या भांडणात मला रस नाही. उगमाच्या भांडणात मात्र आहे. ही ओळ असलेला पेशवे दप्तरातला एखादा कागद कुणाच्या पाहण्यात आला असेल, तर खाली फोटो टाका. "आमचे आजोबा म्हणायचे" हा पुरावा धरला जाणार नाही. आमचेही म्हणायचे.