सांता मोनिकाच्या फेरीला दोन तारे: मालकाकडून उत्तर

नमस्कार. नाशिकहून आलेल्या आई-बाबांना तुम्ही सांता मोनिका विमानतळावरून आमच्या सेसना 172 या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून फिरायला पाठवलंत आणि नंतर दोन तारे दिलेत. तक्रार अशी, की घर एलएएक्सच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळाच्या, उत्तरेला इतकं जवळ असून पायलट त्यावरून खाली फिरला नाही, समुद्रावर वळसा घालून त्याने वेळ काढला आणि मध्येच इंजिनाचा आवाज उतरल्यामुळे आई घाबरल्या. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो.

आधी घराचं. तुमच्या भागात एलएएक्सची क्लास बी हद्द (मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश) थेट जमिनीपासून सुरू होते. हवाई वाहतूक कंट्रोलरच्या स्पष्ट परवानगीशिवाय तिथे शिरता येत नाही. 31 ऑगस्ट 1986 ला लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर एक छोटं पायपर विमान याच विमानतळाच्या हद्दीत विनापरवानगी शिरलं आणि एरोमेक्सिकोच्या प्रवासी जेटला धडकलं. 82 माणसं गेली, त्यातली 15 जमिनीवरची. पायलट ‘नाही’ म्हणाला, त्यामागे हे आहे.

वळशाबद्दल सांगायचं तर ती चढाई होती. एलएएक्सच्या डोक्यावरून छोट्या विमानांसाठी एक ठरलेला मार्ग आहे: दक्षिणेकडे जाताना 3,500 फूट, परतताना 4,500, वेग 140 नॉटच्या (ताशी साधारण 260 किलोमीटर) आत. त्यात शिरण्याआधीच ती उंची गाठावी लागते, आणि ती आम्ही लोकांच्या छपरांवर न घेता पाण्यावर घेतो. धावपट्ट्यांवर रांगेत उभी असलेली विमानं आई-बाबांना थेट वरून दिसली, ती याच मार्गामुळे.

आता आवाज. सांता मोनिकाच्या रनवे 21 वरून निघालं की टोकाशी 10 अंश डावीकडे वळून पेनमार गोल्फ कोर्सवरून जायचं, हा शेजाऱ्यांच्या शांततेसाठी केलेला नियम. मला तो मनापासून पटतो, कारण इंजिनाने दगा दिला तर खाली मोकळी जागा असते. 5 मार्च 2015 ला हॉलिवूड अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या रायन विमानाची ताकद टेकऑफनंतर गेली, तेव्हा ते याच गोल्फ कोर्सवर उतरले. जखमी झाले, पण वाचले.

आवाजाचे सगळेच आग्रह मात्र इतके निर्धोक नसतात. रनवेच्या दोन्ही टोकांपलीकडे मायक्रोफोन लावलेत, मर्यादा 95 डेसिबल; ओलांडली की आधी पत्र, मग दंड. अशा वेळी पॉवर लवकर कमी करायचा मोह होतो, आणि तिथेच धोका आहे. 500 फुटांवर इंजिन बंद पडलं तर जागा शोधून उतरायला मिनिटभरही मिळत नाही. म्हणून आमच्याकडे 1,000 फूट होईपर्यंत थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) मागे घ्यायचा नाही, हे प्रत्येक पायलटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. पत्र आलं तर ते मी बघेन.

आईंना जाणवलेला बदल 3,500 फुटांवर विमान सरळ झाल्यावरचा. तिथे चढाईइतकी पॉवर लागत नाही. त्या उंचीवर इंजिन पूर्ण थांबलं असतं तरी पायलटच्या हातात चारेक मिनिटं आणि साधारण 9 किलोमीटरची तरंगत जायची मुभा होती. त्यांना हे नक्की सांगा.

फेरी जशी व्हायला हवी तशीच झाली, त्यामुळे पैसे परत करणार नाही. आई-बाबा परत जायच्या आत त्यांना घेऊन ऑफिसात या. त्याच पायलटला बसवून चार्टवर सगळा मार्ग दाखवतो. घरावरून खाली फिरायची विनंती मात्र पुढच्या वेळीही मान्य होणार नाही.